पेराकमधील ताइपिंग: धावती भेट द्यावी की मुक्काम करावा?

वाटसरू_ठाणे

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आई-वडिलांना घेऊन मलेशियाला जाण्याचा बेत आहे. क्वालालंपूरला उतरायचे आणि पिनांगहून परतायचे, एवढे नक्की झाले आहे. उंच इमारती, प्रचंड मॉल आणि करमणुकीची उद्याने यांत आम्हा तिघांनाही फारसा रस नाही. त्यामुळे वाटेत एखादे जुने, लहान आणि शक्यतो पायी फिरता येईल असे गाव निवडावे, असे ठरले आहे. ज्यांना विचारले त्या बहुतेकांनी मलाक्काचे नाव घेतले. मात्र ते क्वालालंपूरच्या दक्षिणेला असल्यामुळे आमच्या वाटेच्या उलट दिशेला पडते. नकाशा पाहताना पेराक राज्यातील ताइपिंग नजरेत भरले. मलायातील पहिला लोहमार्ग याच गावातून सुरू झाला, हे समजल्यापासून रेल्वेतून निवृत्त झालेले माझे वडील दुसऱ्या कोणत्याही गावाविषयी ऐकून घ्यायला तयार नाहीत.

माझ्या शंका अशा आहेत. हे गाव पिनांगहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे आहे, की तिथे राहिल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही? आईचे गुडघे दुखतात, तर तिला कितपत चालावे लागेल? ती पूर्ण शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचे काय? आणि लोहमार्गाचे खरोखर काही शिल्लक आहे, की केवळ एक फलक पाहून परतावे लागेल?

पिनांगनिवासी

नोकरीनिमित्त मी अनेक वर्षे पिनांगमध्ये राहतो आणि ताइपिंगला वरचेवर जातो, म्हणून सविस्तर लिहितो. माझे स्पष्ट मत असे की दोन रात्री राहा. धावती भेट देणाऱ्यांना तलाव, संग्रहालय आणि एखादी जुनी इमारत दिसते, परंतु त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते कळत नाही. आणि तो संबंध वगळला तर या गावात पाहण्यासारखे फार काही उरत नाही, हेही मान्य करावे लागेल.

तो संबंध म्हणजे कथील. आजच्या ताइपिंगच्या परिसराला पूर्वी लारुत म्हणत. १८४८ च्या सुमारास लाँग जाफर या मलय सरदाराला तिथे कथलाचे साठे सापडले. लारुत नावाचा त्याचा हत्ती रानात हरवला आणि परतला तेव्हा त्याच्या पायांच्या चिखलात कथलाची माती होती, अशी दंतकथा तिथे प्रत्येक जण सांगतो. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे; पण जाफरने खाणींसाठी चिनी मजूर आणले आणि त्याच्यानंतर मुलगा न्गाह इब्राहिम या उत्पन्नावर पेराकमधील सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला, हा इतिहास आहे. मजुरांचे दोन मोठे गट होते: हाय सान आणि घी हिन. खाणीकडे येणाऱ्या पाण्याच्या पाटावरून १८६१ मध्ये त्यांच्यात पहिली लढाई जुंपली आणि थांबत-पेटत हा संघर्ष १८७४ पर्यंत चालला. त्या वर्षीच्या जानेवारीत पांगकोर बेटाजवळ झालेल्या करारानुसार पेराकच्या सुलतानाच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट नेमला गेला, आणि मलय संस्थानांत इंग्रजांचा शिरकाव झाला तो याच दाराने. संस्थानी रेसिडेंट म्हणजे काय, हे सातारा आणि कोल्हापूरचा इतिहास वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको. लढाईनंतर नव्याने वसवलेल्या गावाला ‘चिरशांती’ अशा अर्थाचे ताइपिंग हे चिनी नाव मिळाले.

म्हणून माझी सूचना अशी की, कथील ज्या वाटेने गेले त्या वाटेने गाव पाहावे. पहिल्या दिवशी मातांगला जा. ताइपिंगहून क्वाला सेपेतांगकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्गाह इब्राहिमचा तटबंदी असलेला वाडा आहे आणि तिथे आता संग्रहालय आहे. वाडा लहान आहे, पायऱ्या थोड्या आहेत, आणि आईंना तळमजल्यावर व आवारात आरामात फिरता येईल. सत्ता कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, ते याच वास्तूत दिसते. १८७५ च्या नोव्हेंबरात पहिला रेसिडेंट बर्च पासिर सालाक येथे मारला गेला; त्या प्रकरणी महाराजा लेला या सरदारावर खटला चालला तो मातांगलाच. त्याला फाशी झाली. सुलतान अब्दुल्ला आणि खुद्द न्गाह इब्राहिम यांना सेशेल्स बेटांवर हद्दपार करण्यात आले. ज्याने कथलावर वाडा बांधला, त्याच्याच वाड्यात परक्यांचे न्यायालय बसले!

तिथून त्याच रस्त्याने पुढे क्वाला सेपेतांगला जा. हेच जुने पोर्ट वेल्ड. ताइपिंग ते पोर्ट वेल्ड हा सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्ग १ जून १८८५ रोजी सुरू झाला. खाणीतले कथील चिखलाच्या वाटेने बंदरापर्यंत नेण्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जात होते, म्हणून तो टाकला गेला. सिलोनहून आणलेल्या पायोनियर, म्हणजे बांधकाम करणाऱ्या, तुकड्यांनी तो बांधला. आज रूळ नाहीत. स्थानकाचा फलक आणि तिकीटखिडकी तेवढी उरली आहे, आणि आजूबाजूला कोळी वस्तीचा बाजार भरला आहे. फलकावर गावाचे नाव रोमन, जावी (अरबी वळणाची मलय लिपी), चिनी आणि तमिळ अशा चार लिप्यांत आहे. म्हणजे आपली शंका खरी आहे. फलकच पाहायला मिळेल. तरीही वडिलांना तिथे न्याच. आपण ठाण्याचे आहात. १८५३ मध्ये आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या गावापर्यंत धावली, तिथल्या रेल्वेच्या माणसाला हा फलक काय सांगेल, ते मी सांगण्याची गरज नाही. एक फरक मात्र त्यांच्या लक्षात आणून द्या: बोरीबंदर–ठाणे मार्गावर पहिल्या दिवसापासून प्रवासी होते आणि तो मार्ग देशभर पसरण्यासाठीच टाकलेला होता, पोर्ट वेल्डचा मार्ग खाण आणि जहाज यांना जोडण्यासाठी होता, आणि कथलाचे दिवस सरल्यावर त्याला कुणी वाली उरला नाही.

दुसरा दिवस गावासाठी ठेवा. सकाळी लवकर तलाव-उद्यानात जा. ही तळी निसर्गनिर्मित नाहीत. कथील काढून झाल्यावर पाण्याने भरलेले ते खाणींचे खड्डे आहेत, आणि १८८० च्या दशकात त्यांचे सार्वजनिक उद्यान करण्यात आले. काठावरचे पर्जन्यवृक्ष शंभर वर्षांहून जुने आहेत. त्यांच्या फांद्या रस्ता ओलांडून पार पाण्याला टेकल्या आहेत. त्या बाजूचा रस्ता आता वाहनांसाठी बंद असल्याने आईंना सपाट, सावलीच्या वाटेवरून हवे तेवढेच चालता येईल. मुंबईत याच जातीची कितीतरी झाडे पिठ्या ढेकणाच्या किडीने डोळ्यांदेखत वाळून गेली, ते ज्यांनी पाहिले असेल, त्यांना इथे काही वेळ गप्प बसावेसे वाटेल.

पावसाविषयीही सांगतो. मलेशियाच्या द्वीपकल्पातील सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी हे एक आहे. वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पडतो. बुकित लारुतचा डोंगर गावाला अगदी चिकटून असल्यामुळे समुद्रावरून आलेली दमट हवा तिथे अडते आणि वर चढते. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, तिथला मात्र वर्षभर दुपारी हजेरी लावतो. फेब्रुवारीत तो त्यातल्या त्यात कमी असतो, तरी दुपारी तीननंतरचा कोणताही बेत छत्रीशिवाय करू नये. आज पाऊस पडेल की नाही यावर पूर्वी गावात पैजा लागत, असे जुने लोक सांगतात.

मधली_वाट

वरील प्रतिसादाचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. ज्यांना इतिहासाची मनापासून आवड आहे, त्यांच्यासाठी हे सारे ठीक आहे. परंतु पहिल्यांदाच मलेशियाला जाणाऱ्या तिघांच्या कुटुंबाने, त्यातही एकाला चालण्याचा त्रास असताना, दोन रात्री ताइपिंगसाठी द्याव्यात का, याबद्दल मला शंका आहे. आम्ही गेलो तेव्हा एका सहल-संयोजकाने ‘वारसा-फेरी’ म्हणून जे दाखवले, त्यात अर्धा वेळ बंद दरवाजांसमोर उभे राहण्यात गेला. जुन्या बाजारपेठेच्या लाकडी इमारती आणि जुनी दुकानघरे पाहण्यासारखी आहेत, पण अनेकांची डागडुजी अर्धवट आहे, काहींच्या छपरातून पिंपळ उगवले आहेत, आणि कोणत्या इमारतीचे महत्त्व काय, हे सांगणारा माणूस जागेवर भेटत नाही.

शिवाय ‘पहिले, पहिले, पहिले’ असा जो धोशा त्या गावात लावलेला असतो, त्याचा कंटाळा येतो. पहिले संग्रहालय, पहिला लोहमार्ग, पहिले उद्यान, पहिले हे आणि पहिले ते. गावाचा परिचय करून देण्याची ही पद्धत मला उथळ वाटते. त्या तुलनेत मलाक्कामध्ये पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा तिन्ही सत्तांच्या खुणा एका फेरफटक्यात दिसतात, २००८ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथे मार्गदर्शनाची सोयही चांगली आहे. दिशा उलट असली तरी क्वालालंपूरहून बसने दोन-अडीच तासांचेच अंतर आहे. पिनांगहून ताइपिंगला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा मधला मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

कथील_आणि_कल्हई

मधली_वाट यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. ‘पहिले’ हे विशेषण तिथे अतिशय सैलपणे वापरले जाते, आणि त्याची मर्यादा न सांगितल्यास दिशाभूल होते. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही बंदरे इंग्रजांच्या थेट अमलाखाली होती. तिथे शाळा, चर्च आणि दवाखाने कितीतरी आधीपासून होते. ताइपिंगमधील अनेक गोष्टी पहिल्या ठरतात त्या ‘मलय संस्थानांत’ पहिल्या म्हणून. १८८६ चे लाकडी ऑल सेंट्स चर्च याच अर्थाने पहिले अँग्लिकन चर्च आहे. १८८३ मध्ये ह्यू लो या रेसिडेंटने स्थापन केलेले पेराक संग्रहालय आणि १८८५ चा लोहमार्ग यांचा मान मात्र कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

परंतु म्हणून गाव उथळ ठरत नाही. उलट, एवढ्या गोष्टी एकाच दशकात एकाच लहानशा गावात का झाल्या, हा प्रश्न विचारला की ताइपिंग समजू लागते. त्या काळी युरोप आणि अमेरिकेत अन्न डब्यांत बंद करून विकण्याचा धंदा वाढत होता, डब्यांच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा लागत असे, आणि लारुतचे कथील त्या भुकेवर पोसले जात होते. निर्यातीवरच्या जकातीतून जो पैसा आला, त्यातून नव्या राज्यकारभाराची सगळी यंत्रणा उभी राहिली. त्यात १८७९ चा तुरुंगही आला. तो पेराक संग्रहालयाच्या अगदी समोर आहे. संग्रहालय आणि तुरुंग रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असावेत, यापेक्षा वसाहती राजवटीचे नेमके चित्र मी अन्यत्र पाहिलेले नाही. संग्रहालयात ओरांग आस्ली या मूलनिवासी लोकांच्या वस्तू, मलय शस्त्रे आणि पेंढा भरलेले प्राणी आहेत; मांडणी जुन्या वळणाची आहे, आणि मला तरी ती तशीच राहावी असे वाटते.

कथलाशी आपलाही संबंध आहे, तो वाचकांच्या लक्षात आणून द्यावासा वाटतो. भारतात कथलाचे साठे अत्यल्प आहेत. आपल्या आज्यांच्या पितळी पातेल्यांना कल्हई लावण्यासाठी जे कथील लागे, ते बव्हंशी समुद्रमार्गे बाहेरून येई, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवरची बंदरे हा त्या व्यापाराचा मोठा स्रोत होती. रस्त्यावर भाता लावून बसलेल्या कल्हईवाल्याच्या हातातील कांडी नेमकी लारुतची होती, असे म्हणण्याला आधार नाही. पण वडिलांना ही गोष्ट आवडेल, असे वाटते.

आता डागडुजीविषयी. पेराकची राजधानी १९३७ मध्ये ताइपिंगहून इपोहला गेली. इपोहभोवतीच्या किंता खोऱ्यातील कथील अधिक होते आणि पैसा तिकडे वळला होता. राजधानी गेल्यावर जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही, म्हणूनच दुकानघरांच्या रांगा, त्यांच्यापुढचे छपराखालचे पदपथ आणि लाकडी बाजार शिल्लक राहिले. छपरातून उगवलेला पिंपळ आणि टिकून राहिलेली रांग ही दोन्ही त्याच एका कारणाची फळे आहेत. मलाक्का जागतिक वारसा आहे हे खरेच, पण तिथल्या मुख्य चौकात शनिवारी संध्याकाळी उभे राहून पाहा, आणि मग आईंच्या गुडघ्यांचा विचार करा.

एक भारतीय धागा पाहायचा राहतो. लढाईच्या अखेरच्या काळात न्गाह इब्राहिमने कॅप्टन स्पीडी या अधिकाऱ्याला चाकरीस ठेवले, आणि १८७३ मध्ये स्पीडीने भारतातून शीख व पठाण शिपायांची तुकडी आणली. तीच तुकडी वाढत जाऊन पुढे पेराक शीख पलटण झाली, आणि १८९६ मध्ये तिच्यातून मलय स्टेट्स गाइड्स ही पलटण उभी राहिली. तिचे मुख्य ठाणे ताइपिंगलाच होते. गावात गुरुद्वारा का आहे, याचे उत्तर या हकिकतीत आहे.

वाटसरू_ठाणे

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना हे सारे वाचून दाखवले. कल्हईचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. मुक्काम करण्याकडे आमचा कल झुकला आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. क्वाला सेपेतांगला कांदळवन आणि कोळशाच्या भट्ट्या आहेत असे दिसते, त्या आईला पाहता येतील का? आणि शाकाहाराबद्दल अजून कुणी लिहिले नाही.

सुगरण_प्रवासी

शाकाहाराबद्दल मी लिहिते, कारण माझ्या सासूबाई आमच्याबरोबर होत्या आणि त्या कांदा-लसूणही खात नाहीत.

ताइपिंगमध्ये उपाशी राहण्याची वेळ येत नाही, पण विचारल्याशिवाय काहीही मागवू नये. तमिळ खानावळींत केळीच्या पानावर भात, भाज्या, रसम आणि पापड मिळतो. डोसा आणि इडली सकाळी सहज मिळतात. तमिळ मुसलमानांच्या खानावळींना तिथे ‘मामाक’ म्हणतात. तिथली रोटी चनाई आपल्या परोठ्याच्या कुळातील आहे, पण सोबतचे कालवण बहुधा मांसाहारी असते, म्हणून ‘फक्त डाळ’ असे आधीच सांगावे. पीठ मळताना काही ठिकाणी अंडे घालतात, तेही विचारून घ्यावे. खरी फसगत होते ती भाज्यांत. ‘सायुर’ म्हणजे भाजी हे वाचून आपण निर्धास्त होतो, पण ती बेलाचान घालून परतलेली असू शकते, आणि बेलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. संबळ चटणीतही ते बहुतेक वेळा असतेच. चिनी बौद्धांची शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. दारावर ‘素’ हे अक्षर असते, आणि सहसा तिथे कांदा-लसूणही वापरत नाहीत. ताटात मासा किंवा बदक दिसले तर दचकू नये, ते सोयाबीनचे किंवा गव्हाच्या चिकाचे केलेले असते. दुपारच्या उकाड्यात चेंडोल अवश्य घ्यावे: किसलेला बर्फ, नारळाचे दूध, ताडगूळ आणि पांदानच्या पानाने हिरव्या झालेल्या शेवया. आमच्या सासूबाईंनी एका बैठकीत दोन वाट्या संपवल्या आणि मग ‘गोड जरा जास्तच आहे’ असा शेरा मारला.

आता भट्ट्या. मातांगचे कांदळवन सुमारे ४०,००० हेक्टर आहे आणि १९०२ पासून ते राखीव जंगल म्हणून सांभाळले जात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांत जो कांदळ आपण पाहतो, त्याच्याच जवळच्या जातीचे लाकूड तिथे साधारण तीस वर्षांच्या फेऱ्याने तोडले जाते, मधल्या काळात दोन वेळा विरळणी होते, आणि तोडलेल्या पट्ट्यात पुन्हा रोपे लावली जातात. आपल्याकडे खारफुटी तोडणे हा गुन्हा, आणि तिथे शतकभर तोडूनही जंगल उभे आहे, हे पाहून मला प्रथम पटेना. पण तोड कुठे, केव्हा आणि किती, हे वनखाते ठरवते आणि फेरा मोडत नाही, म्हणूनच ते शक्य झाले असावे. भट्ट्या विटा-मातीच्या, घुमटाकार आणि माणसापेक्षा कितीतरी उंच आहेत. सोललेले ओंडके आत उभे रचतात, दार बुजवत आणतात, तोंडाशी जाळ घालून आतले पाणी वाफेने काढून टाकतात, आणि मग हवा पूर्ण बंद करून लाकूड आतल्या आत कोळसा होऊ देतात. भरण्यापासून थंड होईपर्यंत महिनाभर जातो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वासावरून आणि रंगावरून कारागीर आतली अवस्था ओळखतात. जमीन सपाट आहे, पण काळी राख आणि ढलप्या पसरलेल्या असतात. आईंना जाड तळाच्या चपला घालायला सांगा. धुरामुळे दम्याचा त्रास असणाऱ्यांनी लांबूनच पाहावे. सकाळच्या वेळी कामगार भेटण्याची शक्यता जास्त असते.

होडीने काजवे पाहायला नेतात ते रात्री. होडीत चढण्या-उतरण्याचा धक्का ओहोटीच्या वेळी बराच खाली राहतो, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी भरतीची वेळ विचारूनच जावे.

आणखी एक ठिकाण सुचवते. बुकित लारुतच्या पायथ्याशी, तलाव-उद्यानापासून जवळच, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचे स्मशान आहे. ८५० हून अधिक सैनिकांच्या स्मृती तिथे जपल्या आहेत आणि निम्म्याहून अधिक दगडांवर नाव नाही. मधून रस्ता जातो. एका बाजूला ख्रिस्ती सैनिक आहेत, दुसऱ्या बाजूला भारतीय फौजेतले हिंदू, मुसलमान, शीख आणि गुरखे. १९४१-४२ मध्ये मलायात जपान्यांशी लढलेल्या फौजेचा मोठा हिस्सा भारतीय होता, हे आपल्या शालेय पुस्तकांत एखाद्या ओळीत येते आणि निघून जाते. हिरवळ अतिशय नीट राखलेली आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

डोंगरावर जाण्याचा आग्रह मात्र धरू नका. वर इंग्रजी काळातले बंगले आहेत आणि पूर्वी सरकारी जीपने नेत असत. दरडींमुळे ती सेवा दीर्घकाळ बंद राहिलेली आहे. पायी चढण आपल्या आईंसाठी नाही.

मधली_वाट

कथील_आणि_कल्हई यांचा राजधानी हलल्याचा मुद्दा मला पटला; पडझडीकडे मी त्या नजरेने पाहिले नव्हते. मलाक्काविषयीचे माझे मत कायम आहे, परंतु वडिलांची आवड रेल्वेची असेल तर मलाक्कात त्यांच्यासाठी काहीच नाही, हे मान्य. मग एक सुचवतो: दोन रात्री राहणारच असाल, तर क्वालालंपूरहून येताना क्वाला कांगसारला उतरून काही तास घालवा. ते पेराकच्या सुलतानांचे गाव आहे. १९१७ मध्ये पूर्ण झालेली उबुदिया मशीद सोनेरी घुमटांची आणि खरोखर देखणी आहे. जवळचा इस्ताना केनांगान हा १९२६ चा लाकडी राजवाडा एकही खिळा न वापरता बांधला, असे सांगतात. रबराचे एक झाड तिथे कुंपण घालून राखले आहे; १८७७ मध्ये मलायात आलेल्या पहिल्या रोपांपैकी ते आहे. कथलानंतर मलायाची तिजोरी रबराने भरली, म्हणजे आपल्या कथेचा पुढचा अध्यायही वाटेतच आहे.

पिनांगनिवासी

क्वाला कांगसारची सूचना उत्तम आहे. आता प्रवासाचे सांगतो आणि थांबतो.

क्वालालंपूर सेंट्रलहून ताइपिंगला ईटीएस ही विजेवर चालणारी वेगवान गाडी साधारण तीन ते साडेतीन तासांत पोहोचते, आणि तीच क्वाला कांगसारलाही थांबते. सर्व गाड्या सर्व ठिकाणी थांबत नाहीत, म्हणून तिकीट काढताना थांबे तपासा. क्वाला कांगसार ते ताइपिंग या टप्प्यात बुकित बेरापितचा तीन किलोमीटरहून लांब बोगदा लागतो; वडिलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते नेमके त्याच वेळी झोपतील. ताइपिंगचे आजचे स्थानक नवे आहे, १८८५ चे नव्हे. पिनांगला जाताना ईटीएसऐवजी बटरवर्थची लोकल घेतली तर तिकीट बरेच स्वस्त पडते. बटरवर्थला उतरून समोरच फेरीबोट मिळते, आणि बेटावर जाण्याचा तो मार्ग पुलापेक्षा कितीतरी आनंदाचा आहे.

गावात ॲपवरून टॅक्सी मिळते. क्वाला सेपेतांगहून परतताना मात्र ती मिळेलच असे नाही. मातांग, भट्ट्या आणि बंदर यांसाठी अर्ध्या दिवसाची गाडी ठरवून घ्या आणि चालकाला थांबवून ठेवा.

फेब्रुवारीबाबत एक सावधगिरी. चिनी चांद्र नववर्ष जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येते. त्या दिवसांत गाड्यांची तिकिटे खूप आधी संपतात, आणि ताइपिंगमधील चिनी दुकाने व उपाहारगृहे काही दिवस बंद असतात. शाकाहारी उपाहारगृहेही त्यांतच आली. तारखा ठरवण्यापूर्वी त्या वर्षीचा सण पाहून घ्या. रमझान त्याच सुमारास असेल तर मामाक खानावळींच्या वेळाही बदलतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सरकारी संग्रहालये दोन-अडीच तास बंद राहतात, म्हणून मातांग आणि पेराक संग्रहालय यांपैकी काहीही शुक्रवारच्या दुपारी ठेवू नका. भारतीय पारपत्रधारकांना डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसाची गरज नाही. ही सवलत मुदतीची आहे, त्यामुळे तिकीट काढताना ती चालू आहे ना, ते तपासा. आगमनाचे डिजिटल कार्ड पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत तिघांचेही स्वतंत्र भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत.